पेंड आधी, तेल नंतर: पॉलिहाऊसमधल्या भाजीची मुळं राखताना

दुपारी दोनला काकडीचे वेल माना टाकतात. संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. चार दिवस हेच चालतं आणि आपण ठिबकची वेळ दहा मिनिटांनी वाढवतो. सहाव्या दिवशी वैतागून एखादा वेल उपटला की मुळं हातात येतात, हळकुंडासारखी सुजलेली आणि गाठीगाठींची. मग कळतं की पाणी कमी पडत नव्हतं, वर चढत नव्हतं.

माझ्या दहा गुंठ्यांत हे दुसऱ्या वर्षी घडलं. पहिल्या वर्षी काकडीनं पैसे दिले म्हणून लगेच पुन्हा काकडीच लावली होती. दुकानात विचारलं तर "निंबोळी तेल सोडा, जमिनीत सगळं मरतं" असं उत्तर मिळालं. मी लिटरची बाटली व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात औषध ओढणाऱ्या जोडणीतून, सोडली. मुळांत गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे कृमी, होते तिथेच राहिले, ठिबकचे ड्रिपर मात्र तुंबले. लॅटरल नळ्या सोडून धुण्यात दोन दिवस गेले.

त्या दोन दिवसांत जे कळलं नव्हतं आणि पुढच्या तीन-चार हंगामांत हळूहळू कळलं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. नुकतंच पॉलिहाऊस किंवा शेडनेट उभं केलं असेल आणि ढोबळी मिरची, काकडी किंवा टोमॅटो लावायचा विचार असेल तर याचा उपयोग होईल. एक गोष्ट आधीच सांगतो. तेलबियांमधलं जे द्रव्य मातीत काम करतं, त्याचा मोठा वाटा लागवडीपूर्वी पेंडीच्या रूपानं द्यायचा असतो. बाटलीतलं तेल नंतरच्या राखणीसाठी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

छताखालची माती लवकर का बिघडते

उघड्या रानात ज्वारी येते, मग हरभरा येतो, उन्हाळ्यात नांगरट होऊन ढेकळं तापतात. पॉलिहाऊसमध्ये यातलं काही होत नाही. कर्ज काढून उभारलेल्या छताखाली ज्वारी कोण लावणार? तीच दोन-तीन पिकं, वर्षभर ऊब, बेड कायम ओले. सूत्रकृमींना याहून चांगलं घर मिळणार नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची एक पिढी अशा उबेत साधारण महिनाभरात पुरी होते आणि एक मादी काही शे अंडी घालते. सहा-आठ महिन्यांच्या पिकात किती पिढ्या होतील ते बोटांवर मोजा.

बरं, ते येतात कुठून? बहुतेक वेळा आपणच आणतो. बेड भरायला बाहेरून आणलेली तांबडी माती, अर्धकच्चं शेणखत, रोपवाटिकेतून आलेली रोपं आणि दुसऱ्याच्या पॉलिहाऊसमधून तसंच आणलेलं खुरपं.

सूत्रकृमींबरोबर आणखी मंडळी असतात. रोप कोलमडवणारी पिथियम, टोमॅटोची आणि काकडीची मर घडवणारी फ्युजारियम, खोडाशी पांढरा कापूस आणि मोहरीएवढे दाणे दाखवणारी स्क्लेरोशियम या बुरशी. जिवाणूजन्य मर वेगळीच, त्यात झाड हिरवंगार असतानाच कोमेजतं. आणि एक गोष्ट नव्यांच्या ध्यानात येत नाही: ढोबळी मिरचीवरचे फुलकिडे आणि नागअळी यांचं कोषावस्थेतलं आयुष्य बहुतांशी मातीत जातं. पानावर कितीही फवारलं तरी खालून नवी फौज येत राहते.

पूर्वी अशा वेळी फोरेट या विषारी कीडनाशकाचे दाणे बेडमध्ये टाकत. देशात फोरेटच्या विक्रीवर आणि वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. परदेशी हरितगृहांत ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो मिथिल ब्रोमाइड वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, काही अपवाद सोडून, शेतातून हद्दपार झाला. शिवाय काकडीचा तोडा दिवसाआड असतो. औषध टाकून पंधरा दिवस थांबायची सोयच नाही. तेल आणि पेंड यांच्याकडे वळण्याचं माझं कारण एवढंच व्यवहारी आहे.

पायरी १: काकडीची कसोटी

मातीचा नमुना सूत्रकृमींसाठी कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतो, तो जरूर घ्या. पण घरीही एक साधी परीक्षा करता येते. पॉलिहाऊसचे चार कोपरे, दार आणि मधला भाग इथून वीतभर खोलीची माती घ्या. प्रत्येक ठिकाणची वेगळ्या कुंडीत भरा, कुंडीवर जागा लिहा आणि तीत काकडीचं बी टाका. चार-पाच आठवड्यांनी रोप अलगद काढून मुळं बादलीत धुवा. काकडी सूत्रकृमींना इतकी लवकर बळी पडते की माती दूषित असेल तर गाठी दिसल्याशिवाय राहत नाहीत. ज्या कुंडीत गाठी, तो कोपरा कागदावर खुणेनं नोंदवा. पुढे पेंड वाटताना हा कागद लागेल.

नवख्यांची एक गल्लत होते. हरभरा किंवा चवळीच्या मुळांवरच्या गाठी उपकारक असतात, त्या नखानं खरवडल्या की सुटून येतात. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही.

पायरी २: एप्रिलचं ऊन आणि मोहरीची पेंड

उन्हाळ्यातला रिकामा महिना हा पॉलिहाऊसवाल्याचा सर्वांत मोलाचा महिना आहे. भाव चांगला आहे म्हणून मरतुकडं पीक मेअखेरपर्यंत ओढणारे मी पाहिले आहेत, मीही ओढलं आहे. ते महाग पडतं.

जुनं पीक मुळांसकट काढा. कापू नका, उपटा. बेड भुसभुशीत करा, ढेकळं फोडा. आता मोहरीची पेंड. मोहरीच्या दाण्यात एक गंधकयुक्त द्रव्य असतं आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) वेगळ्या कप्प्यात असतं. दाणा चिरडून ओला झाला की दोघांची गाठ पडते आणि नाकात झणझणणारा वायू सुटतो. कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल हुंगल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा तो हाच. बंदिस्त ओल्या मातीत तो सूत्रकृमी आणि बऱ्याच बुरशींना जाचतो.

पेंड बेडच्या दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास पसरा. दहा गुंठे म्हणजे जवळपास १,००० चौरस मीटर, त्यातले रस्ते वजा जाता बेड साधारण ६०० चौरस मीटर, म्हणजे १२० किलो. वीतभर खोल मिसळा, लगेच ठिबक चालू करून माती चांगली भिजवा आणि त्याच दिवशी पारदर्शक प्लॅस्टिकनं झाका. "त्याच दिवशी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. हा वायू भिजल्यापासूनच्या पहिल्या दिवसाभरातच मोठ्या प्रमाणावर निघून जातो. आज भिजवून उद्या प्लॅस्टिक आणायला गेलात तर पेंडीचं फक्त खत झालं असं समजा. पेंडही घाण्याची हवी. खूप उष्णता देऊन काढलेल्या पेंडीत ते विकर मेलेलं असतं. चिमूटभर पेंड कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटांनी वास घ्या. नाकाला झोंबली तर उपयोगाची, नाही तर गुरांना चालेल.

प्लॅस्टिक पारदर्शकच घ्या, २५ ते ५० मायक्रॉनचं पुरतं. काळं मल्चिंग अंथरून माती तापवल्याचं समाधान मिळतं, पण ऊन वरच अडतं. कडा मातीनं दाबा, पॉलिहाऊसचे पडदे बंद करा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात वरची वीतभर माती पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते आणि ती उष्णता रोज काही तास टिकली की सूत्रकृमींची अंडीसुद्धा तग धरत नाहीत. हातभर खोलीवरचे मात्र वाचतात. म्हणून पुढच्या पायऱ्या आहेत.

पेंड मिसळताना पडदे उघडे ठेवा आणि चष्मा लावा. बंद घरात हा वायू डोळ्यांना आणि घशाला त्रास देतो.

प्लॅस्टिक काढल्यावर बेड एकदा हलवून आठवडाभर मोकळी हवा खाऊ द्या. मोहरीचा वायू रोपाच्या मुळांनाही सोडत नाही.

पायरी ३: निंबोळी पेंड, पण मुरवून

निंबोळीतून तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत थोडं तेल आणि कडू द्रव्यं शिल्लक असतात. अॅझाडिरॅक्टिन हे त्यातलं प्रसिद्ध नाव, पण एकटं तेच काम करतं असं नाही. पेंड कुजताना अमोनिया आणि काही आम्लं सुटतात, तीही सूत्रकृमींना मारक असतात. शिवाय पेंडीवर मातीतली हितकारक बुरशी पोसली जाते. म्हणजे एकाच पोत्यातून तीन कामं, वर चार-पाच टक्के नत्र.

बाजारात दोन तऱ्हेची पेंड मिळते. घाण्याची पेंड तपकिरी आणि तेलकट असते, मुठीत दाबली की गोळा होतो, उग्र वास येतो. दुसरी रसायनानं तेल पूर्ण ओढून घेतलेली, कोरडी आणि भुरभुरीत, ती स्वस्त असते. मातीतल्या रोगांसाठी पहिलीच घ्या. भेसळही चालते. किंचितशी जिभेवर ठेवून पाहा आणि थुंका. तोंड दहा मिनिटं कडू राहिलं नाही तर पोतं परत करा.

प्रमाण पुन्हा बेडच्या चौरस मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे दहा गुंठ्यांना १२० किलो. कागदावर खूण केलेल्या कोपऱ्यांत दीडपट चालेल.

आता मुरवणं. लागवडीच्या महिनाभर आधी, माती प्लॅस्टिकखाली तापत असतानाच, सावलीत पेंडीचा ढीग करा. तिच्या दुप्पट चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. १२० किलो पेंडीला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, स्युडोमोनास हे उपकारक जिवाणू आणि सूत्रकृमींची अंडी खाणारी पॅसिलोमायसिस ही बुरशी प्रत्येकी अर्धा-एक किलो टाका. पाणी शिंपडून मुठीत ओल राहील एवढं भिजवा, गोणपाटानं झाका, आठवड्यातून एकदा वरखाली करा. दोन आठवड्यांत ढिगावर पांढरी-हिरवी बुरशी दिसते आणि अमोनियाचा भपका ओसरतो. नंतरच बेडमध्ये मिसळा. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं हीच समृद्ध पेंडीची पद्धत वर्षानुवर्षं लावून धरली आहे आणि माझ्या अनुभवात एवढ्या पैशांत एवढा परतावा देणारी दुसरी गोष्ट नाही.

मिसळल्यावर हलकं पाणी देत आणखी दहा-पंधरा दिवस थांबा. मी एकदा घाई केली होती. रोपं आली होती, ट्रेमध्ये उंच होऊ लागली होती, म्हणून कच्ची पेंड टाकून चौथ्या दिवशी लावली. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि मुळांची टोकं तपकिरी झाली. बंद छताखाली अमोनियाला बाहेर जायला वाटच नसते. सकाळी दार उघडल्यावर मुतारीसारखा वास आला तर अजून लागवड करू नका, यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

इथेच क्रमाचं महत्त्व कळतं. ट्रायकोडर्मा आधी टाकून वर मोहरीची पेंड झाकली असती तर विकत आणलेली मित्रबुरशी आपल्याच हातानं मारली असती. आधी झोडपणारं, मग मोकळी हवा, मग वसवणारं.

निंबोळी मिळत नसेल तर करंज पेंड चालते. एरंडी पेंडही सूत्रकृमींवर चांगली आहे, पण तिच्यात रायसिन हे जहाल विष असतं आणि तिचा वास कुत्र्यांना खेचतो. एरंडी पेंड उकरून खाऊन शेतावरची कुत्री दगावतात. पॉलिहाऊसला दार असलं तरी पोतं बाहेरच पडलेलं असतं, त्यामुळे मी ती घेत नाही.

पायरी ४: तेल पाण्यात फोडणं

लागवड होऊन दहा-पंधरा दिवस झाले, पांढरी मुळं फुटली, आता बाटलीतलं तेल. इथे दोन गोष्टींत फरक करा. दुकानातलं नोंदणीकृत निंबोळी औषध ३००, १,५००, ३,०००, १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत अॅझाडिरॅक्टिनचे भाग) अशा ताकदीत मिळतं, त्यात तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य आधीच असतं. घाण्याचं कच्चं तेल मात्र स्वतः फोडावं लागतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या हंगामात नोंदणीकृत औषधच वापरावं असं माझं मत आहे. १०,००० पीपीएमचं असेल तर लिटरला दोन मिली, बाकीच्यांचं प्रमाण डब्यावरचं.

कच्चं तेल वापरायचंच असेल तर लिटर पाण्याला पाच मिली. आधी तेलात लिटर पाण्यामागे एक-दीड मिली या हिशेबानं स्टिकर (औषध पाण्यात मिसळवणारं, चिकटवणारं द्रव्य) किंवा पातळ साबण घाला आणि नुसतंच घोटा. मग थोडं कोमट पाणी घालून रवीनं घुसळा, ताकासारखं पांढरं झालं पाहिजे. नंतर उरलेलं पाणी. थंडीत निंबोळी तेल तुपासारखं गोठतं, तेव्हा बाटली तासभर कोमट पाण्यात ठेवा, चुलीवर नको. उष्णतेनं त्यातली द्रव्यं बिघडतात.

परीक्षा काचेच्या ग्लासात करा. मिश्रण वीस मिनिटं ठेवा. वर तेलाचं कडं आलं नाही तर जमलं. कडं आलं तर तसलं पाणी मुळाशी घालू नका. एका झाडाला नुसतं पाणी मिळेल आणि टाकीच्या तळातलं शेवटचं झाड तेलात न्हाऊन निघेल.

बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, दह्यासारख्या गुठळ्या होतात. मग शेततळ्यातलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, नाही तर जड पाण्यात चालणारं स्टिकर वापरा. दुसरी भानगड सामूची, म्हणजे पाण्याच्या पीएचची. आपल्याकडच्या कित्येक विहिरींचं पाणी आठच्या पुढच्या सामूचं असतं आणि अल्कधर्मी पाण्यात अॅझाडिरॅक्टिन झपाट्यानं विघटित होतं. चिमटीचिमटीनं सायट्रिक आम्ल टाकत सामू सहाच्या आसपास आणा. पट्टी कागद दहा-वीस रुपयांचा असतो आणि त्याच्यावाचून हजाराचं औषध वाया जातं. एवढं करून मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

ज्यांच्या बांधावर कडुनिंब आहे त्यांनी पाच टक्के निंबोळी अर्क अवश्य करावा. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गोळा करून गर काढा, बी सावलीत वाळवा. पाच किलो बी भरडून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, पाणी घालून शंभर लिटर करा. यात पाण्यात उतरणारी कडू द्रव्यं येतात, म्हणून मुळाशी घालायला मला तो कच्च्या तेलापेक्षा बरा वाटतो. तेलाचा थर बसत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

पायरी ५: मुळाशी घालणं

वाफसा असताना घाला. कोरड्या मातीत तेल वरच्याच थरात अडकतं, चिखलात मुळांपर्यंत पोचत नाही. वेळ संध्याकाळची, कारण उन्हात हे द्रव्य टिकत नाही. पाठीवरच्या पंपाचं नोझल काढून प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती, खोडावर नव्हे, १०० मिली. दहा गुंठ्यांत ढोबळी मिरचीची अडीच-तीन हजार झाडं बसतात, म्हणजे अडीचशे-तीनशे लिटर पाणी आणि दोन माणसांची एक संध्याकाळ.

ठिबकमधून का नाही? कच्चं तेल तर कधीच नाही, त्याची किंमत मी मोजली आहे. दुकानातलं तयार औषध सोडायचंच असेल तर फिल्टर साफ करून, शेवटच्या टप्प्यात सोडा आणि नंतर वीस मिनिटं साधं पाणी चालवा.

पहिल्यांदा कुठल्याही मिश्रणाची चाचणी दहा झाडांवर घ्या आणि चार-पाच दिवस पाहा. पानाच्या कडा करपल्या, शेंडा थांबला तर प्रमाण निम्मं करा. ठीक असेल तर दर पंधरा-वीस दिवसांनी, एकूण चार-पाच वेळा. सूत्रकृमींची पिढी महिन्याची, त्यामुळे महिन्यातून एकदाच घातलं तर मधली पिल्लं सुटतात. फुलकिड्यांचा जोर असेल तेव्हा रस्त्यांवरची मातीही ओली करा, कोष तिथेही पडतात.

काही गोष्टी एकत्र आणू नका. भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) गंधक फवारलं किंवा धुरी दिली असेल तर तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाही तर पानं भाजतात. ट्रायकोडर्मा मुळाशी घातला असेल तर त्यापासून आठवडाभर लांब राहा. चुना किंवा मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाबरोबर निंबोळी नको, सामू चढतो.

आणि भ्रम नको. तेलानं नवी पिल्लं मुळात शिरायला कचरतात, त्यांची वाढ खुंटते, कोष आणि अंडी काही प्रमाणात मरतात. आधीच झालेली गाठ विरघळत नाही. फ्युजारियमनं आतून तपकिरी झालेलं खोड तेलानं हिरवं होत नाही, ते झाड मातीसकट पिशवीत घालून बाहेर न्या. बेडमध्ये पाणी तुंबत असेल तर पिथियमवर कुठलंच तेल चालणार नाही, आधी निचरा.

सुवासिक तेलांचं काय?

ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा यांच्या अर्कतेलांबद्दल हल्ली फार ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशी आणि जिवाणूंच्या पेशींची आवरणं मोडतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात टोमॅटोच्या जिवाणूजन्य मरेवर थायमॉल, गवती चहाचं तेल आणि पामरोजा तेल मातीत मिसळून सात दिवसांनी रोपं लावली होती. लिटरभर मातीला ७०० मिलीग्रॅमच्या आसपास मात्रा दिली तेव्हा रोपं मरेपासून वाचली. पामरोजा म्हणजे आपलं रोशा गवत, खानदेशच्या डोंगरांत ज्याच्या भट्ट्या पूर्वीपासून लागत आल्या आहेत.

आता हिशेब करा. ६०० चौरस मीटर बेड, वीतभर म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोली, एकूण ९०,००० लिटर माती. लिटरला ७०० मिलीग्रॅम म्हणजे ६३ किलो तेल. एवढं अत्तर घालून काकडी कोणत्या भावानं विकणार?

म्हणून ही तेलं रोपवाटिकेपुरती. शंभर लिटर कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) ७० मिली गवती चहाचं किंवा रोशाचं तेल साबणाच्या पाण्यात फोडून सारखं मिसळा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवा, मग दोन-तीन दिवस पसरून वास जाऊ द्या. सगळा ट्रे भरण्याआधी वीस कप्प्यांत बी टाकून उगवण पाहा. यापुढे जाऊन लावलेल्या पिकाच्या मुळाशी अर्कतेल घालायचा मोह टाळा. ही तेलं कातडी जाळतात, मग केसासारख्या बारीक मुळांचं काय होईल? शिवाय पूजेच्या दुकानातल्या किंवा सुगंधी तेलाच्या बाटलीवर पिकाची शिफारस नसते.

निंबोळी असो की लवंग, बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. निंबोळी तेल "घरगुती औषध" म्हणून तान्ह्या मुलांना पाजल्यानं गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. हातमोजे घाला, पाण्याची बाटली आणि तेलाची बाटली एकाच टोपलीत नको.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. निंबोळी तेलानं बुरशी रोखायच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला पेटंट दिलं होतं. भारतातून आणि बाहेरूनही विरोध झाला, २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही टिकलं नाही. त्या सुनावणीत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर झालेल्या चाचण्यांचा पुरावा मांडला गेला होता. आपल्याच रानातली गोष्ट आपल्याला बाटलीत विकत घ्यावी लागते तेव्हा मला हे आठवतं.

पायरी ६: पीक काढण्याचा दिवस

शेवटचा तोडा झाला की मजुरांना वेल कापून बाहेर टाकायची घाई असते. त्या दिवशी स्वतः हजर राहा. प्रत्येक बेडमधली पाच झाडं मुळांसकट उपटा, धुवा आणि पाहा: गाठी नाहीत, थोड्या आहेत, की मूळच ओळखू येत नाही. पहिल्या पायरीत केलेला कागद काढा आणि बेडच्या क्रमांकापुढे शून्य, एक किंवा दोन लिहा. गाठीची मुळं उकिरड्यावर टाकू नका, तीच खत बनून परत येतील. उन्हात कडकडीत वाळवून जाळा.

शून्यच्या बेडमध्ये पुढच्या हंगामात तेच पीक चालेल. एक असेल तिथे पेंड दीडपट. दोन असेल तिथे मी एक हंगाम झेंडू लावतो, त्याच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य सूत्रकृमींना मानवत नाही आणि दसऱ्याला फुलांचे पैसेही होतात. गेल्या खेपेला दाराजवळच्या दोन बेडांवर दोन होते, बाकी सगळे शून्य आणि एक. दार म्हणजे चपला. आता दाराशी पाय बुडवायची चुन्याची टाकी आणि आतल्यासाठी वेगळ्या चपला आहेत.